आवाज आहे, चित्र नाही

ग्रँट रोड स्टेशनातून पूर्वेला बाहेर पडून थोडं चाललं की लॅमिंग्टन रोड लागतो. इथल्या एखाद्या जुन्या इमारतीच्या माळ्यावर, दोन माणसं जेमतेम मावतील अशा दुकानात बिघडलेला लॅपटॉप दिला की काउंटरवरचा मुलगा पावतीवर मॉडेल आणि सिरियल नंबर उतरवतो आणि तक्रारीच्या रकान्यात दोनच शब्द लिहितो: 'नो डिस्प्ले'. गिऱ्हाईक बोलतच असतं. दिवा लागतो, पंखा फिरतो, काल रात्रीपर्यंत चालू होता, पडला नाही, पाणी सांडलं नाही. मुलाने तोवर पावती फाडलेली असते.

आतल्या टेबलावर बसलेला कारागीर बटण दाबतो. पडदा काळाच. तो डोक्यावरची ट्यूब बंद करायला सांगतो, मोबाइलचा टॉर्च पडद्याच्या अगदी जवळ तिरका धरतो आणि मान वाकडी करून बघतो. उजेडाच्या त्या वर्तुळात, पाण्याखाली पडलेल्या नाण्यासारखा, विंडोजचा चौकोन अंधूक दिसतो. "चित्र आहे, उजेड नाही," तो म्हणतो आणि स्क्रू ड्रायव्हर उचलतो.

आधी उजेड तपासायचा आणि चित्राचा शोध वेगळा घ्यायचा, ही रीत लॅपटॉपपेक्षा पुष्कळ जुनी आहे. मुंबईपुरत्या तिच्या बऱ्याच कड्या याच रस्त्यावर सापडतात.

मुंबईचे १९०३ ते १९०७ या काळातले गव्हर्नर लॉर्ड लॅमिंग्टन यांच्यावरून रस्त्याला हे नाव पडलं. आजचं अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. टॅक्सीवाल्याला मात्र लॅमिंग्टन रोड म्हटलेलंच कळतं.

इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार म्हणून नाव होण्याआधी हा मुलूख सिनेमाचा होता. इम्पीरियल, नाझ, स्वस्तिक, मिनर्व्हा, अप्सरा, नॉव्हेल्टी ही थिएटरं या रस्त्यावर किंवा हाकेच्या अंतरावर होती. नाझच्या इमारतीत चित्रपट वितरकांची कार्यालयं होती. मिनर्व्हामध्ये १५ ऑगस्ट १९७५ ला लागलेला 'शोले' पुढे पाच वर्षं चालला.

त्या काळच्या प्रोजेक्टरमध्ये उजेड यायचा कार्बनच्या दोन कांड्यांमधल्या ठिणगीतून. कांड्या जळून आखूड होत, मधली फट वाढे आणि ऑपरेटरचं लक्ष जरा हललं तर ठिणगी विझे. मग एक गंमत होई. फिल्मच्या कडेवरचा आवाजाचा पट्टा वाचायला प्रोजेक्टरमध्ये वेगळा छोटा बल्ब असे, तो चालूच राही. पडदा काळा, पण संवाद सुरू. स्टॉलमधून शिट्ट्या पडत. फिल्म मात्र जागच्या जागी धडधाकट फिरत असे. ऑपरेटरला ते ठाऊक असल्याने तो फिल्मच्या वाटेला जात नसे, सरळ कांड्या जुळवायला घेई. उजेड पाठीमागून येतो आणि चित्र त्याच्या वाटेत उभं असतं, ही फिल्म प्रोजेक्टरची मांडणी. बहुतेक लॅपटॉपांचे पडदे नेमके याच मांडणीवर चालतात. पण तिथवर पोहोचण्याआधी मध्ये टीव्ही आला.

मुंबईत दूरदर्शनचं प्रसारण २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. लॅमिंग्टन रोडवर रेडिओचे व्हॉल्व्ह आणि कंडेन्सर विकणाऱ्यांना नवं गिऱ्हाईक मिळालं आणि गल्लोगल्लीच्या रेडिओ मेकॅनिकने पाटीवर 'टीव्ही' हे दोन अक्षरी नाव वाढवलं. पुण्यात हेच बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाच्या आसपास आणि तापकीर गल्लीत घडलं.

टीव्हीच्या दुरुस्तीत एक तक्रार इतकी नेहमीची होती की तिचं नावच पडून गेलं: 'आवाज आहे, चित्र नाही.' ही तक्रार ऐकली की अर्धा संच तिथेच निर्दोष सुटायचा. आवाज येतोय म्हणजे अँटेना ठीक, ट्यूनर ठीक, वीजपुरवठ्याचा मोठा भाग ठीक. उरला पिक्चर ट्यूबचा संसार. मेकॅनिक मागचं झाकण काढून आधी ट्यूबच्या मानेत डोकावे. तिथे फिलामेंटची नारिंगी धग दिसली की ट्यूब तापतेय एवढं कळे. मग तो उघडा हात पडद्याच्या काचेजवळ नेई. काळ्या-पांढऱ्या संचाच्या ट्यूबला दहा-पंधरा हजार व्होल्टचा दाब लागायचा आणि तो असला की काचेवर साचलेल्या स्थिर विजेने हातावरची लव उभी राहायची. लव उभी राहिली तर दाब आहे, नाही राहिली तर लाइन आउटपुट ट्रान्सफॉर्मर, म्हणजे मेकॅनिकांचा 'एलओटी', संशयित. मीटर न लावता, दहा सेकंदांत झालेलं हे निदान. १९८२ च्या आशियाई खेळांबरोबर रंगीत टीव्ही आला, दाब वीस हजार व्होल्टच्या वर गेला, तपासाची रीत तीच राहिली.

संगणकाने या धंद्यात एक नवीच सोय आणली. दुखणं यंत्रच सांगू लागलं.

१२ ऑगस्ट १९८१ ला आयबीएमने आपला पीसी जाहीर केला. बटण दाबल्यावर हा संगणक आधी स्वतःची तपासणी करतो. प्रोसेसर, मेमरी, डिस्प्ले कार्ड, कीबोर्ड यांची हजेरी घेतो. पण हजेरीत डिस्प्ले कार्डच गैरहजर निघालं तर ते सांगायचं कशावर? म्हणून आयबीएमने आतला छोटा स्पीकर कामाला लावला. एक आखूड बीप म्हणजे सगळं ठीक. एक लांब आणि दोन आखूड म्हणजे डिस्प्लेत बिघाड. काहीच आवाज नाही म्हणजे वीजच पोहोचत नाही. पुढे वेगवेगळ्या कंपन्यांच्या बायोसने, म्हणजे ही तपासणी चालवणाऱ्या प्रोग्रामने, आपापली बोली काढली आणि मेकॅनिकांनी ती तोंडपाठ केली. १९८४ च्या आयबीएम पीसी एटीपासून तपासणीच्या प्रत्येक टप्प्याचा दोन आकडी कोड मदरबोर्डच्या एका ठरावीक पत्त्यावर, ८० क्रमांकाच्या पोर्टवर, टाकला जाऊ लागला. स्लॉटमध्ये एक छोटं कार्ड खोचलं की तो कोड लाल अंकांत दिसे. पडदा काळा असला तरी संगणक कुठे अडलाय ते त्या दोन अंकांवरून कळे. हे 'डीबग कार्ड' आजही या रस्त्यावर मिळतं.

नोव्हेंबर १९८४ मध्ये केंद्र सरकारने नवं संगणक धोरण आणलं, आयातीवरचे निर्बंध आणि कर सैल झाले. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत तैवानी मदरबोर्ड, कॅबिनेट आणि मॉनिटर यांची जुळणी करून 'असेंबल्ड' पीसी विकणं हाच लॅमिंग्टन रोडचा मुख्य धंदा झाला. दिल्लीचं नेहरू प्लेस, चेन्नईची रिची स्ट्रीट आणि बंगळुरूचा एसपी रोड यांचीही चढती कमान याच काळातली.

याच वर्षांत आपल्याकडे एक साधा उपाय रूढ झाला: रॅम काढायची, तिच्या सोनेरी दातांवर शाळेतल्या पोरांचं खोडरबर फिरवायचं, फुंकर मारायची आणि परत बसवायची. हसू येईल, पण या उपायाला पाया आहे. दमट हवेत संपर्काच्या जागी मळ आणि गंज यांचा पातळ थर धरतो. रॅम, म्हणजे मेमरी, सापडली नाही की तपासणी तिथेच थांबते आणि चित्र काढायची पाळीच येत नाही. खोडरबर तो थर खरवडतं. मात्र जोर लावला तर सोन्याचा मुलामाही निघतो, म्हणून जाणते कारागीर मऊ रबर आणि हलका हात वापरतात, शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा फिरवतात.

काळ्या पडद्याच्या इतिहासात एक तारीख ठळक आहे: २६ एप्रिल १९९९. तैवानमधल्या चेन इंग-हाऊ या विद्यार्थ्याने लिहिलेला सीआयएच हा व्हायरस त्या दिवशी जागा झाला. हीच चेर्नोबिल दुर्घटनेची तारीख, म्हणून लोक त्याला चेर्नोबिल व्हायरस म्हणू लागले. विंडोज ९५ आणि ९८ वरचा हा व्हायरस हार्ड डिस्कचा सुरुवातीचा भाग पुसायचाच, शिवाय काही मदरबोर्डांच्या बायोस चिपमध्येही कचरा भरायचा. संगणक सुरू कसं व्हायचं हेच मग विसरून जाई. पंखा फिरतोय, दिवा लागलाय, पडदा काळा, बीपही नाही. व्हायरस म्हणजे डिस्कवरचं दुखणं, त्याने यंत्राचं लोखंड बिघडत नाही, अशी तोवरची समजूत होती. ती मोडली.

मेकॅनिकांकडे त्यावर उपाय होता. बायोसची चिप तेव्हा बहुधा सॉकेटमध्ये असे. तसाच दुसरा धडधाकट संगणक सुरू करायचा, चालू असतानाच त्याची चिप चिमट्याने उचलायची, मेलेली चिप त्या जागी बसवायची आणि तिच्यात बायोस पुन्हा लिहायचा. हात हलला तर दोन्ही बोर्ड जायचे. आज तीच चिप आठ पायांची, तांदळाच्या दोन-तीन दाण्यांएवढी असते आणि बोर्डला सोल्डर केलेली असते. 'सीएच३४१ए' हा स्वस्त प्रोग्रामर आणि कपड्याच्या चिमट्यासारखी क्लिप घेऊन कारागीर ती जागेवरच वाचतो आणि लिहितो. बायोस अपडेट चालू असताना वीज गेली आणि लॅपटॉप काळा पडला, तर तो या वाटेने परत येतो.

आता खुद्द लॅपटॉप. १९८२ च्या ग्रिड कंपासला इलेक्ट्रोल्युमिनेसंट पडदा होता, स्वतः उजळणारा. १९८५ च्या तोशिबा टी ११०० चा एलसीडी मात्र हातातल्या डिजिटल घड्याळासारखा होता, मागे दिवाच नाही. खोलीतल्या उजेडात वाचायचं. उजेड गेला ही तक्रार तेव्हा खोलीच्या ट्यूबलाइटबद्दल असू शकत होती. पुढे पडद्यामागे पेन्सिलच्या शिशाएवढी बारीक फ्लुरोसंट नळी आली, सीसीएफएल. तिला पेटायला हजार व्होल्टच्या घरातला दाब लागे आणि तो तयार करायला पडद्याखाली पट्टीसारखा अरुंद 'इन्व्हर्टर' बोर्ड असे. टीव्हीच्या एलओटीचाच हा धाकटा भाऊ, आणि मरायचाही तितक्याच नेमाने.

टॉर्चची परीक्षा इथून सुरू झाली. एलसीडी स्वतः उजेड देत नाही, मागून येणारा उजेड अडवतो किंवा सोडतो. फिल्मचंच काम. नळी विझली तरी चित्र पडद्यावर उमटलेलं असतं, फक्त दिसत नाही. टॉर्चने दिसलं म्हणजे बोर्ड, ग्राफिक्स आणि केबलचा बराच भाग निर्दोष, दोष दिव्याच्या वाटेवर. टॉर्चनेही काही दिसलं नाही तर बाहेरचा मॉनिटर जोडायचा. तिथे चित्र आलं तर पडदा किंवा बिजागरीतून जाणारी केबल. उघडझाप सोसून सोसून ती आतून तुटते आणि झाकण एका ठरावीक कोनात धरलं की क्षणभर चित्र चमकतं. तिथेही अंधार असेल तर मदरबोर्ड उघडावा लागतो. तीन पायऱ्या, फार तर पाच मिनिटं.

जून २००७ मध्ये अ‍ॅपलने मॅकबुक प्रोच्या १५ इंची मॉडेलमध्ये फ्लुरोसंट नळी काढून एलईडी आणले. पुढच्या काही वर्षांत सगळा बाजार तिकडे वळला. इन्व्हर्टरची पट्टी गेली, तिचं काम मदरबोर्डवरची किंवा पडद्यातली छोटी चिप आणि मोहरीएवढा फ्यूज करू लागला. इन्व्हर्टर कोणीही बदले. हा फ्यूज शोधायला सूक्ष्मदर्शक लागतो. 'कार्ड बदलणारा' आणि 'चिप लेव्हलवाला' अशी धंद्यात फूट पडली ती याच सुमारास.

ती फूट रुंदावली उष्णतेमुळे. १ जुलै २००६ पासून युरोपात इलेक्ट्रॉनिक वस्तूंमधल्या शिशावर निर्बंध आले आणि जगभरच्या कारखान्यांनी बिनशिशाचं सोल्डर धरलं. जुनं कथील-शिशाचं सोल्डर १८३ अंशांना वितळायचं, नव्याला २१७ च्या पुढे न्यावं लागे. हाताला सवय झालेले जुने सोल्डरिंग आयर्न अपुरे पडले. त्यातच जुलै २००८ मध्ये एनव्हिडियाने जाहीर केलं की लॅपटॉपसाठीच्या आपल्या काही ग्राफिक्स चिपांमध्ये वापरलेलं साहित्य कमकुवत आहे आणि त्यापोटी कंपनी १५ ते २० कोटी डॉलरची तरतूद करत आहे. एचपी, डेल आणि अ‍ॅपल यांनी काही मॉडेलांची हमी वाढवून दिली. लॅपटॉप तापून थंड होई, पुन्हा तापे, आणि एक दिवस पंखा फिरत असताना पडदा उठतच नसे.

हमी संपलेली यंत्रं लॅमिंग्टन रोड आणि नेहरू प्लेससारख्या बाजारांत आली. चिपवर हॉट एअरची गरम हवा सोडली की लॅपटॉप जिवंत होई. इंटरनेटवर काहींनी तर बोर्ड ओव्हनमध्ये भाजायच्या कृती दिल्या होत्या. दुकानदारांनी मोठी बीजीए यंत्रं घेतली. चिप उचलायची, खालचे शेकडो बारीक गोळे पुसायचे, जाळीतून नवे शिशाचे गोळे बसवायचे, चिप परत चिकटवायची. याचं नाव रीबॉलिंग. त्याचे पैसेही चांगले मिळत.

पण अशी बरीच यंत्रं काही आठवड्यांत परत येत. बोर्ड आणि चिप यांच्यामधले गोळे बहुधा ठीकच होते. तडा चिपच्या आत, सिलिकॉनचा तुकडा आणि त्याचं आसन यांच्यामधल्या टेकूंना गेलेला होता. उष्णतेने तो तात्पुरता जुळे, पुन्हा उघडे. खरा उपाय होता नवी, सुधारित चिप बसवणं. ज्या कारागिरांनी हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगितलं ते टिकले. ज्यांनी दर महिन्याला तोच लॅपटॉप पुन्हा शेकून दिला, त्यांच्यामुळे या धंद्याला बसलेला डाग अजून पुरता धुतला गेलेला नाही.

आजच्या चिप लेव्हलच्या टेबलावर सूक्ष्मदर्शक, हॉट एअर आणि डीसी पॉवर सप्लाय असतो. शेजारच्या संगणकाच्या पडद्यावर बोर्डचा नकाशा उघडलेला असतो. कंपन्या हे नकाशे देत नाहीत, तरी ते या हातातून त्या हातात फिरतात. पाणी सांडलेला बोर्ड धुवायला अल्ट्रासॉनिक टब असतो, झवेरी बाजारात दागिने उजळायला वापरतात तसलाच. सुटे भाग मिळवायला मेलेल्या बोर्डांची चळत, म्हणजे 'डोनर'. कारागीर बॅटरी काढतो आणि बोर्डला सप्लायची वायर लावतो. बटण दाबल्यावर त्याचं लक्ष पडद्याकडे नसतंच. तो अँपिअरचा आकडा बघतो. आकडा जागचा हललाच नाही तर वीज पुढे जात नाही. एकदम उसळून पडला तर कुठेतरी शॉर्ट आहे. थोडा चढून एकाच जागी अडकला तर प्रोसेसर जागा झालाय, पण मेमरी किंवा बायोसपाशी थबकलाय. आकडा नाचू लागला की तो म्हणतो, "डिस्प्ले येणार." टीव्ही मेकॅनिकच्या हातावरची लव आणि हा नाचता आकडा यांचं काम एकच आहे.

सगळे काळे पडदे इतके खोलवरचे नसतात. झाकण मिटलं हे लॅपटॉपला एका छोट्या चुंबकामुळे कळतं. दोन लॅपटॉप एकावर एक ठेवले तर खालच्याच्या चुंबकाने वरच्याला झाकण मिटल्याचा भास होऊ शकतो. कधी विंडोजचा ग्राफिक्स ड्रायव्हर रुसतो. विंडोज १० आणि त्यानंतरच्या आवृत्त्यांत विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम दाबली की तो नव्याने सुरू होतो. कधी बोर्डवर उरलेला चार्ज गोंधळ घालतो. चार्जर आणि निघत असेल तर बॅटरी काढून पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरलं की काम होतं. एचपीच्या काही वर्षांच्या मॉडेलांत कॅप्स लॉकचा दिवा तीनदा लुकलुकला तर मेमरी तपासायची, म्हणजे आयबीएमच्या बीपची जागा आता दिव्याने घेतली आहे.

खोडरबराची सद्दी मात्र संपत आली आहे. बारीक लॅपटॉपांत रॅम बोर्डलाच सोल्डर केलेली येते, काहींत साठवणही. काढून पुसायला काही उरत नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली, त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्यासाठी पोर्टल सुरू झालं. बोर्डाचे नकाशे आणि सुटे भाग दुकानदाराला उघडपणे मिळावेत, ही मागणी अजून मागणीच आहे.

तेव्हा लॅपटॉप काळा पडला तर घाबरून नवा घ्यायला धावू नका. आधी खोलीत अंधार करून टॉर्च लावा, मग घरातल्या टीव्हीला एचडीएमआय केबलने जोडून बघा. काय दिसलं ते दुकानात स्पष्ट सांगा. एसएसडी निघत असेल तर ती काढून स्वतःजवळ ठेवा, कारण काळा पडदा म्हणजे फोटो आणि फायली गेल्या असं नव्हे. पावतीवर सिरियल नंबर बरोबर लिहिलाय ना, ते वाचून घ्या. आणि कारागिराने चिप शेकली की बदलली, हे पैसे देण्याआधी विचारा.